नंदादीपाची नऊ मिनिटं

"एक मिनिट दहा सेकंद."

आवाज अगदी पाठीशी आला, आणि गोदावरीच्या हातातला तेलानं चिंब झालेला कापसाचा बोळा टपकन खाली पडला.

रविवार होता. रविवारी भैरोबाला तेल वाहायला अर्धं सोलापूर लोटायचं, आणि ज्याला त्याला वाटायचं की आपलं तेल थेट नंदादीपातच गेलं पाहिजे. मग गाभाऱ्याच्या दारातली ती पितळी टांगती समई काठोकाठ भरायची, वात बुडायला लागायची, आणि गोदावरीला कापसाच्या बोळ्यानं जादा तेल टिपून काढत बसावं लागायचं. आताही ती तेच करत होती. अशा वेळी कुणी पाठीशी उभं राहून मिनिटं मोजायला लागलं, तर माणसानं करावं तरी काय?

तिनं वळून पाहिलं. पंचविशीतला एक तरुण होता. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, उजव्या हातात साखळीचं घड्याळ, डाव्या हातात पुठ्ठ्याची लांबट वही, कानावर पेन्सिल. आणि नजर? नजर तिच्याकडे नव्हतीच, घड्याळाकडे होती!

"काय एक मिनिट?"

"तेल काढायला लागलं ते. पुढचं काम किती वाजता?"

"कुणाचं पुढचं काम?"

"तुमचंच की. दिव्याचं."

"वात सरकवायची येळ आली की सरकवीन. दिवा काय मला आदी सांगून काजळी धरतो व्हय?"

त्यानं गंभीर चेहऱ्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि काहीतरी खरडलं. गोदावरीनं मान उंचावून पाहिलं, तर पठ्ठ्यानं वही छातीशी धरली.

"काय लिवायलाव?"

"ते पंचांना दाखवायचं असतं. तुम्हाला नाही."

"माझंच काम, आन् मलाच दाखवायचं न्हाय?"

"मिलमध्येसुद्धा दाखवत नाहीत," तो म्हणाला आणि नगारखान्याच्या जिन्याकडे चालता झाला.

गोदावरी संतापली. चांगलीच संतापली. पण संतापाच्या खाली एक भलतीच खुटखुट लागून राहिली… हा मेला लिहितो तरी काय?

दुपारपर्यंत उलगडा झाला. देवळाची झाडलोट करणाऱ्या सोजरबाईनं बातमी आणली.

"अगं गोदे, मिलच्या टाइम आपिसातला कारकून हाय त्यो. एकनाथ नाव. चनमल्लप्पांनी पंधरा दिसांसाटी मागून आणलाय. देवळातलं कोन किती तास राबतंय ते मोजणार म्हनं! सकाळधरनं माज्या मागं मागं फिरतोय. मग मीबी काय केलं, झाडलेलं अंगण पुन्यांदा झाडलं. लिव म्हटलं, किती लिवतोस ते!"

चनमल्लप्पा हे सुताचे मोठे व्यापारी आणि त्या वर्षी देवस्थानच्या पंचांचे नवे प्रमुख. साल एकोणीसशे छत्तीस. मिलमध्ये गेल्या वर्षापासून दहा तासांचा कायदा आला होता, आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची वेळ टाइम ऑफिसात टिपली जात होती. ते पाहून चनमल्लप्पांच्या मनात आलं की आपल्या देवळात बारा माणसं आहेत, आणि जावं तेव्हा त्यातली आठ बसलेली दिसतात. तर एकदा मोजूनच टाकावं. ज्याचं काम दिवसाला चार तासही भरणार नाही, त्याचं काम दुसऱ्याला द्यायचं आणि आवारातली त्याची खोली रिकामी करून यात्रेकरूंना द्यायची. बेत तसा वाईट नव्हता. फक्त त्या खोल्यांत माणसं राहत होती, एवढंच.

नंदादीपाचं काम गोदावरीच्या घराकडे पाच पिढ्या होतं. कागदावर नाव वडिलांचं, सिद्धनाथ गुरवांचं. पण सात वर्षांमागं तिची आई गेली, पाठोपाठ आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि बारा वर्षांच्या गोदावरीच्या हाती दिवा आला. आता ती एकोणीस वर्षांची होती. दिव्याची रीत मोठी कडक. ज्याच्याकडे दिवा, त्यानं ज्योत नजरेआड होईल इतकं लांब जायचं नाही. म्हणजे गाभाऱ्यापासून दीपमाळेपर्यंतचं अंगण, अंगणातली विहीर आणि जिच्या खिडकीतून समई दिसते ती आपली खोली. अगदीच अडलं तर सोजरबाईला घटकाभर बसवायचं. गड्ड्याची जत्रा तिनं सात वर्षं नुसती कानांनी पाहिली होती. तीन स्थळं आली आणि तीनही दिव्यापाशी अडली. पोरगी सासरी गेली तर दिवा कुणी बघायचा? आबा त्यावर काही बोलत नसत. तीही बोलत नसे.

एकनाथ रोज काकड्याला हजर होई. पुजाऱ्याची आरती, पहारेकरी गुंडाच्या फेऱ्या, सनईवाल्यांची सनई, सगळं तो घड्याळात धरून वहीत उतरवी. अधूनमधून सभामंडपाच्या पायरीवर बसून दिव्याकडे पाही. तो सगळ्यांना मोजत होता आणि गोदावरी त्याला मोजत होती. तो टोपी कधी काढतो, घाम कसा टिपतो, रोज मिलचा बाराचा भोंगा झाला की किती मन लावून घड्याळाला किल्ली देतो… हे सगळं तिला पाठ झालं. कशासाठी, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आबांनी त्याला गाभाऱ्याच्या दारालगतच्या आपल्या खाटेजवळ बसवून घेतलं.

"कुटलं गाव, पाव्हणं?"

"वेळापूर."

"वेळापूरचं कोन?"

एकनाथ जरा घुटमळला. "गुरवाच्याच घरचा आहे मी. तिथं भावकीत पूजेच्या पाळ्या आहेत. घरं सव्वीस. वर्षातले चौदा दिवस आमच्या वाट्याला यायचे. वडील कंटाळून मिलमध्ये आले… आता नाहीत ते."

"म्हंजी आपल्यातलंच की!" आबा खूश होऊन म्हणाले.

शेजारी गोदावरी वाती वळत बसली होती. आबांच्या त्या वाक्यापाशी तिच्या हातातली वात लांबत लांबत चांगली हातभर झाली, आणि ते तिच्या ध्यानातच आलं नाही. एकनाथच्या मात्र आलं.

"एवढी लांब वात कुठल्या दिव्याची?"

"तुमच्या मिलच्या धुराड्यात लावायची हाय," ती फणकारली. "मिलमदी मोजून घेताना मानसं गप बसत्यात?"

"बसतात. तिथं माझ्याशी कुणी भांडत नाही."

"मग हितं कशाला येता भांडण ऐकायला?"

"ऐकायला… बरं वाटतं," तो म्हणाला आणि म्हणता म्हणता कानापर्यंत लाल झाला. घाईघाईनं घड्याळ काढून म्हणाला, "दोन मिनिटं झाली."

"कशाची?"

"वात वळण्याची. म्हणजे… कामाची."

आबा खाटेवर पडल्या पडल्या मिशीत हसले. डोळे गेले होते त्यांचे, कान चांगले तिखट होते.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एकनाथ पाणी प्यायला विहिरीवर गेला आणि वही पायरीवर राहिली. गोदावरी तिसरीपर्यंत शिकलेली होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पुढं झाली आणि वही उघडली. ओळी आखलेल्या, अक्षर मोत्यासारखं. सोजरबाई, सहा तास. गुंडा पहारेकरी, नऊ तास. पान उलटलं आणि तिचे डोळे तिथंच थांबले.

नंदादीप. दिवसाची सरासरी, नऊ मिनिटं.

एकनाथ परतला तेव्हा ती वही हातात धरून उभी होती. लपवायचं वगैरे तिच्या मनातही आलं नाही.

"नऊ मिनिटं?"

"अहो, ती वही…"

"नऊ मिनिटं, एकनाथराव?"

"नियम तसा आहे," तो चाचरत म्हणाला. "हात चालतो तेवढा वेळ काम. तेल घालायला दोन मिनिटं, वात सरकवायला दर वेळी अर्धं मिनिट, काजळी…"

"आन् बाकीचा दिस?"

"बाकीचा वेळ तुम्ही… बसलेल्या असता."

"बसलेली!" गोदावरीचा आवाज गाभाऱ्यात घुमला. "बरं. उद्या तुमी बसा. उजाडल्यापासनं मावळंस्तवर. गुरवाचं पोर हाय न्हवं तुमी? मग इटाळ न्हाय, काय न्हाय. आबा, चालतंय न्हवं?"

"चालतंय की," आबा खाटेवरून म्हणाले. "आंगोळ करून या म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीनं चिमटा, कापूस आणि करडईच्या तेलाचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला. एकनाथनं टोपी-कोट काढून ठेवला होता. धोतर आणि उघड्या खांद्यावर उपरणं अशा वेशात तो वेगळाच दिसत होता. कारकून कुठं गेला कुणास ठाऊक. गोदावरीनं चटकन नजर वळवली.

"तेल वाहनाऱ्या म्हाताऱ्यांस्नी आडवायचं. उंदीर वात पळवतोय, ध्यान ठेवायचं. आन् हितं 'विजला' हा शबुद काडायचा न्हाय."

"आणि तुम्ही?"

"मी मोकळी की आज. तुमच्या हिशेबानं नऊ मिनिटांचं काम हाय, जमंल तुमाला," असं म्हणून तिनं पदर खोचला आणि सात वर्षांत पहिल्यांदा देवळाचा उंबरा ओलांडला.

रस्ता केवढा रुंद होता! टांगे, सायकली, डोक्यावर सुताची गाठोडी घेतलेल्या बाया, तेलुगूतून भांडणारे दोन विणकर, मधूनच कानडीत भाव करणारी म्हातारी. गोदावरी डोळे फाडफाडून बघत तळ्याकाठी पोचली. पाण्याकडे बघत भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. वैशाखाचं ऊन होतं, पण ते उघड्यावरचं ऊन होतं, त्याचीही तिला मजा वाटली.

पण दर शंभर पावलांवर मान आपोआप मागं वळायची. आता म्हाताऱ्या तेल घेऊन आल्या असतील. त्याला अडवता येईल का? दुपारी उत्तरेकडून वारा फिरतो, त्या अंगाची झडप लावायला हवी, हे आपण सांगितलंच नाही. आणि मग निराळेच प्रश्न सुरू झाले. मांडी घालून बसला असेल की पाय सोडून? भूक लागली असेल का? आपली आठवण काढून चिडला असेल… की आठवण काढून हसला असेल? दिव्याची काळजी कुठं संपली आणि त्याची कुठं सुरू झाली, तिचं तिलाच कळेना. कळलं तेव्हा ती रस्त्यातच थबकली, आणि मागून येणारा टांगेवाला तिच्यावर खेकसला.

पाचच्या सुमारास ती कासाराच्या ओट्यावर बांगड्या भरायला बसली. डावा हात भरून झाला आणि अंधारून आलं. वळीव! बघता बघता धुळीचा लोट उठला, पत्रे वाजायला लागले.

"पोरी, दुसरा हात दे की," कासार म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या!" पैसे टाकून ती धावत सुटली.

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तेव्हा टपोरे थेंब पडायला लागले होते आणि वारा सभामंडपातून घोंघावत होता. तिला आधी दिसली ती एकनाथची पाठ. समईच्या भोवती दोन्ही हातांनी वही उघडून त्यानं आडोसा केला होता. जाड पुठ्ठ्याची एक कड जळून काळी पडली होती. कपाळावर काजळी, हाताच्या पाठीवर तेल सांडून भाजल्याचा लाल चट्टा. आणि वहीच्या आत, अगदी शांत, ज्योत तेवत होती.

गोदावरीनं पुढं होऊन उत्तरेची झडप लावली. वारा थांबला. एकनाथनं वळून पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला.

"आहे," तो म्हणाला. "बघा, आहे."

"दिसतंय की." तिनं पदरानं कपाळावरचं पाणी टिपलं. "किती वाजले?"

त्यानं कोटातलं घड्याळ काढलं आणि बघतच राहिला. काटे साडेतीनला थांबलेले. "किल्लीच दिली नाही. बाराचा भोंगा… झाला का आज?"

"झाला की. तळ्यावर ऐकला मी."

"मला ऐकूच आला नाही," तो हळूच म्हणाला. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. "एकाच हातात बांगड्या?"

"ती नवी तऱ्हा हाय," गोदावरी म्हणाली आणि उजवा हात पदराखाली लपवला.

पाऊस कोसळत होता. तिनं त्याच्या हाताला खोबरेल लावायला दिलं. लावलं नाही, दिलं. आबा खाटेवर बसून होते.

"रोज असंच?" त्यानं विचारलं. "मी डोळे बाजूला काढू शकलो नाही. दोन म्हाताऱ्या, एक उंदीर, एक पारवा… आणि काहीच घडत नव्हतं तेव्हासुद्धा उठता येत नव्हतं. रात्री कसं करता?"

"आबा हितंच झोपत्यात. मी तीनदा उठते."

"म्हणजे चोवीस तास." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मी चुकीचं मोजत होतो."

"लिवा मग बाबा, चोवीस," आबा म्हणाले. "दिवा ऱ्हाईल, खोली ऱ्हाईल…" मग तोंड समईकडे वळवून म्हणाले, "आन् पोरगीबी ऱ्हाईल. हितंच, जलमभर."

एकनाथनं भाजलेल्या हातानं वही मिटली. पाऊस उघडल्यावर टोपी-कोट घेऊन निघून गेला.

पंचांसमोर वही ठेवायच्या दिवशी सकाळी तो गोदावरीला दीपमाळेपाशी भेटला. रात्रभर झोपला नसावा.

"दिव्याची ओळ खोडून कोरी ठेवलीय मी," तो म्हणाला. "नऊ मिनिटं लिहिलं तर दिवा गुंडा पहारेकऱ्याकडे जाईल. खोली जाईल. पण तुम्ही मोकळ्या व्हाल. कुठंही जाता येईल तुम्हाला. कुणाच्याही… घरी."

"कुणाच्या?"

तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं. तिला एक नाव ऐकायचं होतं, आणि ते ऐकू आलं तर आपलं काय होईल याची भीतीही वाटत होती.

"कुणाच्याही," त्याचा आवाज खाली गेला. "चोवीस लिहिलं, तर मात्र तुम्ही कायमच्या इथं अडकाल. आणि ते माझ्या हातानं लिहायचं… तुम्ही सांगा, काय लिहू?"

गोदावरीनं समईकडे पाहिलं. मोह झाला तिला. खोटं कशाला बोला, खूप मोह झाला. तळ्याचं पाणी, उघड्यावरचं ऊन आणि हा समोर उभा असलेला माणूस, सगळं एका आकड्याच्या पलीकडे होतं.

"आबांस्नी डोळ्यांनी दिसत न्हाय," ती म्हणाली, "पर रातीला ते तळवा दिव्याकडं करून झोपत्यात. ऊब लागली की कळतंय त्यांस्नी, दिवा हाय म्हनून. त्यांस्नी कुटं नेऊ मी?"

त्यानं वही उघडून ती कोरी ओळ पाहिली.

"तुमी बसला व्हता न्हवं, एकनाथराव? मग बसून जे कळलं ते लिवा. माज्यासाटी खोटं लिवलं, तर मला पुन्यांदा तुमचं तोंड बगू वाटायचं न्हाय."

एवढं बोलून ती ताठ मानेनं निघाली, ती थेट खोलीत जाऊन कोपऱ्यात रडली.

संध्याकाळी सभामंडपात पंच बसले. एकनाथ एकेक ओळ वाचत गेला. गोदावरी खांबाआड उभी होती.

"नंदादीप, चोवीस तास."

चनमल्लप्पांनी चष्मा काढला. "यप्पा! चोवीस? त्या पोरीचं? बसून असते की ती!"

"मीपण तसंच लिहिलं होतं, अप्पा. नऊ मिनिटं. मग एक दिवस स्वतः बसलो." त्यानं जळक्या कडेची वही पुढं धरली. "माणूस एक आणि तास चोवीस. मिलमध्ये याला तीन पाळ्या लावल्या असत्या."

"एका दिव्याला तीन माणसं? देवस्थान हाय हे, मिल न्हाय!" चनमल्लप्पांनी कान खाजवला. हट्टी होते, पण आकडा खरा असला की मान तुकवणारे होते. "बरं. दिवा गुरवांकडंच ऱ्हाईल, खोलीबी ऱ्हाईल. पर नवीन माणूस एकबी मिळणार न्हाय. मानसं कमी पडत असतील तर गुरवांनी आपल्या घरातली वाढवावीत की!"

सगळे पंच खो खो हसले. आबाही हसले. एकनाथ मात्र हसला नाही. कुणीतरी हुकूम दिल्यासारखा तो क्षणभर उभा राहिला, वही मिटली, नमस्कार केला आणि गेला. खांबाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग आठ दिवस तो फिरकला नाही.

का फिरकावं? काम संपलं होतं. गोदावरीनं स्वतःला हे पंधरा वेळा समजावलं. बाराचा भोंगा झाला की तिचा जीव खालीवर होई, आता मिलच्या ऑफिसात तो किल्ली देत असेल. माणूस एकदा वळून बघायलासुद्धा महाग असावा? सोजरबाई काही बोलायला आली की गोदावरी तिच्यावर डाफरायची, आणि सोजरबाई तोंडाला पदर लावून निघून जायची.

रविवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, एकनाथ आला. बरोबर एक बाई होत्या. नऊवारी ठाकठीक, कपाळ मोकळं, चाल तरातरा.

"मी केराबाई. ह्याची आई," त्यांनी खाटेसमोर बसकण मारली. "सिद्धनाथराव, पोरगी मागायला आले न्हाय मी. पोरगा द्यायला आले. जनरीत उलटी हाय, ठावं हाय मला. आठ दिस भांडले ह्याच्याशी. थोरला ल्योक माज्यापाशी हाय, माजी काळजी न्हाय, पर घरजावई झालास तर लोक हसतील म्हटलं. तर म्हनतो कसा, पंच हसले तवाच मला वाट दिसली. गुरवांनी घरातली मानसं वाढवावी, असं अप्पाच म्हनालेत म्हनं!"

बोलता बोलता त्यांचं लक्ष समईकडे गेलं. त्या उठल्या, चिमट्यानं वात जराशी पुढं घेतली, काजळी झाडली आणि परत येऊन बसल्या. हात इतका सराईत होता की गोदावरी बघतच राहिली.

"वेळापुरात पाळीला मीच बसत व्हते की," केराबाई म्हणाल्या.

आबांनी तोंड केराबाईंकडे केलं. "मला नका इचारू. दिवा तिचा हाय. तिलाच इचारा."

एकनाथनं कोटातून घडी घातलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. टाइम ऑफिसात करतात तसा, रेघा आखलेला तक्ता होता. गोदावरीनं एकेक अक्षर लावत वाचलं. सकाळी सहा ते बारा, गोदावरी. बारा ते सहा, केराबाई. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, एकनाथ. रविवारी पूर्ण दिवस, एकनाथ.

"दुपारचं मी येत जाईन," केराबाई म्हणाल्या. "घरात माश्या मारत बसन्यापरीस हे बरं."

"रात्री आबांशेजारी मी झोपेन," एकनाथ म्हणाला. "तीनदा उठायचं ना? उठेन. तुम्ही सात वर्षांची झोप काढा. रविवारी तळ्यावर जा, गड्ड्याला जा…"

गोदावरीनं तक्ता पुन्हा वाचला. कपाळाला आठी पडली.

"सकाळी मी दिव्यापाशी, तवा तुमी मिलमदी."

"हो."

"दुपारी मी मोकळी, तवाबी तुमी मिलमदीच. रातीला तुमी दिव्यापाशी, तवा मी झोपल्याली. रविवारी तुमी हितं, आन् मी जत्रंत."

"अगदी बरोबर. कुणावरच जादा बोजा नाही."

"आन् आपण दोगांनी भेटायचं कवा?"

एकनाथचं तोंड उघडं राहिलं. त्यानं कागद हातात घेतला, वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. केराबाईंना हसू आवरेना.

"ते… ते राहूनच गेलं," तो कसाबसा म्हणाला.

"येवड्या देवळाचं मोजलंत, आन् येवडंच ऱ्हायलं?"

तिनं त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. संध्याकाळी सहा ते सात एवढ्या जागेतलं नाव खोडलं, आणि तिसरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'दोगं'.

आता हसायची पाळी एकनाथची होती. जरा वेळानं तो म्हणाला, "असं चालत नाही. तक्त्यात रीतसर नावं लागतात. दोघं कोण, असं विचारतील पंच."

"मग लिवा. गोदावरी."

त्यानं पेन्सिल घेतली, लिहिलं. "आणि?"

गोदावरीनं तोंड उघडलं. हे नाव तिनं त्याच्या तोंडावर कितीदा घेतलं होतं. भांडताना घेतलं होतं, बजावताना घेतलं होतं. आज ते ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडून राहिलं. आई कधी आबांचं नाव घेत नसे. सोजरबाई तिच्या नवऱ्याचं घेत नसे. आपल्या माणसाचं नाव कुठली बाई घेते?

"आणि?" त्यानं पुन्हा विचारलं.

"लिवा की. तुमाला ठावं हाय."

"सांगितल्याशिवाय कसं लिहिणार?"

"मला घेता येत न्हाय," ती अगदी पुटपुटली आणि तोंड दिव्याकडे फिरवलं. कान लालबुंद झाले होते तिचे.

पेन्सिल कागदावर तशीच थांबली. केराबाई हसायच्या थांबल्या. आबांना कुणाचेच चेहरे दिसत नव्हते, पण मधली ती शांतता त्यांना बरोबर ऐकू आली. त्यांनी चाचपडत पुढं हात केला, एकनाथचा हात सापडला, तो घट्ट धरला आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"सोजरबाई, गूळ आन ग! पोरीनं ह्याचं नाव घ्यायचं सोडलं!"